मागून येणारा

"काका, शेवटची सायकल कधी चालवली होतीत?" सीट वर-खाली करता करता गाइडबाईंनी विचारलं.

"चालवलीय की," लिफ्टवाले म्हणाले. "फक्त तेव्हा हँडलला एवढी बटणं नव्हती."

"बटणं नाहीत हो ती, गियर आहेत. डावा हात चढाला, उजवा सपाटीला. आणि जमलं नाही तर लाजायचं नाही. आपली व्हॅन आहे मागं. हात केलात की उचलून घेईल."

"मला उचलून घ्यायची वेळ यायचीय अजून," ते म्हणाले. बाजूला उभी असलेली ऑफिसातली मंडळी मोकळेपणानं हसली. त्यांना वाटलं, म्हातारा गमत्या दिसतोय, दिवस बरा जाईल. लिफ्टवाल्यांनाही जरा बरं वाटलं. हेल्मेटचा पट्टा मात्र हनुवटीखाली काही केल्या लागेना. शेवटी गाइडबाईंनीच तो लावून दिला, शाळेत निघालेल्या पोराला लावावा तसा.

लिफ्टवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. पण नोकरीची सगळी वर्षं शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, आणि अडकलेल्या माणसाला आपल्याला सोडवणाऱ्याचं नाव विचारायचं सुचत नाही. "लिफ्टवाले आले, लिफ्टवाले आले" एवढंच काय ते कानावर पडायचं. पुढे बायकोही चिडली की त्यांना तसंच म्हणायची. "घ्या, आले लिफ्टवाले. जेवण तिसऱ्यांदा गरम करतेय." ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. तिच्या ड्यूटीला ठरलेली वेळ होती, यांच्या ड्यूटीला नव्हती.

आज ते इथे आले होते ते तिच्यामुळेच. म्हणजे ती बरोबर नव्हती. ती शहरातल्या एका शुश्रूषा केंद्रात, पहिल्या मजल्यावर खिडकीशी बसून असायची. डोक्यातलं एकेक काहीतरी निसटत चाललं होतं. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग गॅस बंद करणं. मुलगी परदेशातून आली, आईला तिथे ठेवायची सगळी व्यवस्था लावून गेली. लिफ्टवाले रोज दुपारी जाऊन बसायचे.

बाकी सगळं निसटलं, पण एक दिवस तिच्या डोक्यात घट्ट रुतून बसला होता. पूर्वी कधीतरी ती सायकलवरून द्राक्षमळे बघायला गेली होती, तो दिवस. एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जायचं, प्रत्येक ठिकाणी वाइनचे दोन घोट घ्यायचे, पुन्हा सायकलवर बसायचं. ती तो दिवस सिस्टरना सांगायची, सफाईवालीला सांगायची, भेटायला येणाऱ्या परक्यांना सांगायची. आणि त्या दिवसात लिफ्टवाले होते. "हे माझ्या मागंच होते," ती सांगायची. "चढावर दमायचे, पण उतारावर इतकं गायचे, इतकं गायचे, की गडीमाणसं काम सोडून बघायची."

अडचण एवढीच होती, की लिफ्टवाले गेलेच नव्हते.

तिनं विचारलं होतं, ते त्यांना आठवत होतं. तेव्हा ते जेवत होते. "सायकल चालवायची तर बाजारात जावं, प्यायची तर घरी बसून प्यावी. दोन्ही एकदम कशाला?" असं काहीतरी ते बोलले. ती हसली, म्हणाली, "मग मी जाऊन येऊ?" ते म्हणाले, "ये की." ती गेली, उन्हानं नाक लाल करून परत आली. "कसं होतं?" "छान होतं." "दमलीस?" "थोडी." त्यावर तो विषय संपला.

पहिल्यांदा तिनं सिस्टरसमोर हे गाण्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी सरळ दुरुस्ती केली. "अगं, मी कुठे होतो? तू एकटी गेली होतीस." तिचा चेहरा असा काही उतरला, की सिस्टरनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. "मग माझ्याबरोबर कोण होतं?" ती घाबरून विचारत राहिली. "मग कोण होतं हो?" त्या दिवसापासून ते हो ला हो करू लागले. पण नुसत्या होकारानं तिचं भागेना. "सांगा ना यांना, टेकडीवरच्या त्या आजीनं आपल्याला काय दिलं होतं?" असं ती मध्येच विचारायची. ते चाचरायचे. मग ती सिस्टरकडे वळून कौतुकानं म्हणायची, "यांच्या काही म्हणून लक्षात राहत नाही."

तर तो दिवस एकदा बघून यावा, म्हणजे उत्तरं तरी देता येतील, असं त्यांनी ठरवलं. मुलीला फोनवर त्यांनी तेवढंच सांगितलं. "बाबा, या वयात सायकल? पडलात तर कोण बघणार?" ती म्हणाली. "व्हॅन आहे मागं," त्यांनी सांगितलं. दुसरी गोष्ट तिला सांगण्यासारखी नव्हती. रात्री कूस बदलताना ती टोचायची. ते जन्मात कधी गायले नव्हते. न्हाणीघरातसुद्धा नाही. मग तिच्या मागून गात कोण गेलं होतं?

पहिला मळा मोठा होता. काचेची इमारत, पायऱ्यांना चकचकीत कठडा, आत गारवा. तोडणी होऊन गेली होती आणि वेलींची पानं कडेनं पिवळी पडायला लागली होती. टेकडीच्या अंगावर कंगव्यानं भांग पाडावेत तशा रांगा. एका तरतरीत माणसानं सगळ्यांच्या ग्लासांत बोटभर वाइन ओतली. ग्लास तिरपा करा, रंग बघा, हुंगा, घोट तोंडात घोळवा. गिळायचा नसेल तर या भांड्यात टाका.

"टाकायचा? मग घ्यायचा कशाला?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"सगळे गिळलेत तर तिसऱ्या मळ्यापर्यंत सायकल तुम्हाला चालवेल, काका," तो माणूस म्हणाला.

ऑफिसातल्या एकीला चेरीचा वास आला, दुसऱ्याला भिजलेल्या लाकडाचा. लिफ्टवाल्यांनी नाक खुपसून पाहिलं. त्यांना वाइनचाच वास आला. तसं त्यांनी सांगितलं, तर पुन्हा हशा पिकला. त्यांनीही हसून घेतलं, पण त्यांचं लक्ष भिंतींकडे होतं. ती इथे उभी राहिली असेल का? या काचेशी? त्यांनी त्या माणसाला विचारलं, "ही इमारत किती जुनी?" उत्तर आलं, "नवीन आहे. आधी इथे पत्र्याची शेड होती." म्हणजे हे तिनं पाहिलंच नव्हतं. ते पाठ करायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या मळ्यात जेवण होतं. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बाकं. ऑफिसची मंडळी एका बाजूला दाटीवाटीनं बसली. नवीनच लग्न झालेलं एक जोडपं होतं, ते टोकाला एकमेकांना चिकटून बसलं. लिफ्टवाल्यांच्या समोरची जागा रिकामी राहिली. कुणी मुद्दाम रिकामी ठेवली असं नाही, ती आपोआप राहिली. नवऱ्या मुलानं शिष्टाचार म्हणून विचारलं, "काकू नाही आल्या?"

"नाही. तिचं होऊन गेलंय," लिफ्टवाले म्हणाले.

मुलगा गोंधळला. काकू गेल्या असं त्याला वाटलं असणार, कारण त्यानं घाईघाईनं "सॉरी" म्हटलं आणि ब्रेडची टोपली त्यांच्याकडे सरकवली. समजूत दुरुस्त करावी असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. त्यांनी ब्रेड घेतला.

जेवणानंतर चढ लागला. आयुष्यभर माणसांना वर नेण्याचं काम त्यांनी विजेकडून करून घेतलं होतं, आता ते मांड्यांवर आलं. गियर बदलताना साखळी कुरकुरली आणि गुडघ्यांनी तिला साथ दिली. ऑफिसवाले पुढे गेले, जोडपं पुढे गेलं, त्यांचे रंगीत शर्ट वळणाआड दिसेनासे झाले. व्हॅन शेजारी येऊन हळू झाली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बसता का, काका?"

"नको. येतो मी मागून."

"ऊन आहे."

"असू दे."

व्हॅनही पुढे गेली. ते उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. दोन्ही अंगांना वेली, मध्ये खडीचा रस्ता, आणि चाकाचा टिकटिक आवाज. घामानं चष्मा नाकावरून घसरत होता. इतक्या उघड्यावर, इतकं एकटं, ते कधी नव्हते. त्यांचा एकटेपणा आजवर बंद जागेतला होता, लिफ्टच्या खड्ड्यातला, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतला. तिथे हाताला काम असायचं. इथे हातात नुसतं हँडल होतं.

ते टेकडीवर पोचले, तेव्हा तिसऱ्या मळ्यातली मंडळी निघण्याच्या बेतात होती. हा मळा लहान होता. दगडी घर, पुढे अंगण, अंगणात लाकडी पिंपावर फळी टाकून केलेलं टेबल. गाइडबाई म्हणाल्या, "तुम्ही दम खा, काका. निवांत या. खालच्या पुलापाशी थांबतो आम्ही. आता सगळा उतारच आहे." सायकली खडखडत फाटकाबाहेर पडल्या आणि अंगण एकदम शांत झालं.

घरातून एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. वयानं लिफ्टवाल्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या, पाठीत वाकलेल्या, पण पाऊल ठाम. मळा त्यांचाच होता. त्यांनी न विचारता आधी पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि ते पाणी संपेपर्यंत बाटलीला हात लावला नाही.

"चालत आलात वाटतं."

"शेवटी शेवटी."

"बरेच जण चालतात. सांगत नाहीत." त्यांनी ग्लासात लालभडक वाइन ओतली. "आणखी कुणी आहे मागून?"

"नाही. मीच शेवटचा."

घोट घेतल्यावर त्यांना धीर आला. त्यांनी विचारून टाकलं. "माझी बायको आली होती इथे. बरीच वर्षं झाली. तुम्हाला काही आठवायचं कारण नाही म्हणा."

"इथे रोज माणसं येतात हो."

"खरंय. उंच आहे. डोक्याला निळा रुमाल बांधला असेल, उन्हात ती बांधायचीच. बोलका स्वभाव."

म्हाताऱ्या बाईंनी बाटलीचं बूच हातात फिरवत जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "एकटीच होती?"

"हो."

"दोन ग्लास मागितले होते तिनं?"

लिफ्टवाल्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"तीच असेल," बाई म्हणाल्या. "निळ्या रुमालाची. इथेच, तुम्ही बसलात तिथेच बसली होती. मी विचारलं, एकट्याच आलात? तर म्हणाली, छे, आमचे हे आहेत ना मागून. चढावर जरा हळू येतात. मी म्हटलं, येऊ देत सावकाश. तिनं दुसरा ग्लासही भरून ठेवायला लावला. बाकीची मंडळी गेली तरी ही बसून. तुमच्याबद्दलच बोलत होती."

"माझ्याबद्दल?"

"म्हणजे ते तुम्ही असाल तर. मोठ्या मोठ्या इमारतींत काम करतात, म्हणाली. सगळे लोक त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात, म्हणाली. असं काहीबाही, हसत हसत. मग बऱ्याच वेळानं तिनं तो दुसरा ग्लासही हळूहळू पिऊन टाकला. म्हणाली, खालीच थांबले असतील, मीच जाते. मी अक्रोड दिले होते पुडीत बांधून, दोघांना म्हणून."

अक्रोड. टेकडीवरच्या आजीनं काय दिलं होतं, त्याचं उत्तर मिळालं होतं. त्यासाठीच तर ते आले होते. पण ते सापडल्याचा आनंद होईना.

"तुमच्या लक्षात कसं राहिलं एवढं?"

"त्या वर्षी माझा नवरा वारला होता. दिवस कलला की फाटक लावायचं काम त्याचं, ते माझ्याकडे आलेलं. त्या संध्याकाळी म्हटलं, हिचा नवरा यायचाय अजून, राहू दे उघडं. अंधार पडेपर्यंत बसले इथे. खरं सांगू? हेवा वाटला मला तिचा. म्हटलं, हिच्या मागून यायला कुणीतरी आहे." बाईंनी बूच टेबलावर ठेवलं. "कुणी आलं नाही. वाटलं, वाट चुकला असेल, खालच्या रस्त्यानं गेला असेल."

"वाट नाही चुकली," लिफ्टवाले म्हणाले. "निघालोच नव्हतो."

बाईंना नवल वाटलेलं दिसलं नाही. अंगणात एक कोंबडी आली, पिंपाभोवती फिरून निघून गेली.

"आणि गाणं?" त्यांनी विचारलं. "गात कोण होतं?"

"तीच की. इथून सुटली ती गातच. पार खालच्या पुलापर्यंत ऐकू येत होती. गोड गळा नव्हता, पण मोकळा होता."

"ती घरी कधी गायची नाही."

"इथे गायली," बाई म्हणाल्या.

म्हणजे दुसरं कुणी नव्हतंच. कित्येक रात्री जे टोचत होतं, ते एका वाक्यात निघून गेलं. हलकं वाटायला हवं होतं. उलट छातीवर कुणीतरी हात ठेवून बसल्यासारखं झालं. परका माणूस असता तर त्याच्यावर रागावता आलं असतं. इथे तर तिनं शाबूत डोक्यानं, धडधाकट असताना, भर दुपारी, त्यांनाच बरोबर आणलं होतं. आजारानं तिच्या मनात नवीन काही घातलं नव्हतं. जे आधीपासून होतं, तेवढंच राहू दिलं होतं.

निघताना बाईंनी विचारलं, "कशी आहे ती?"

"बरी आहे. तुमची आठवण काढते."

"मग आणायचं होतं तिला."

"आता सायकल जमत नाही तिला," ते म्हणाले.

उतार लांबलचक होता. ब्रेकवर बोटं घट्ट धरून ते निघाले. मग थोडं सैल सोडलं, मग आणखी थोडं. वारा कानांत भरला. आजूबाजूला गडीमाणसं नव्हती, कुणी बघणारं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी यावं, एखादी ओळ, नुसता सूर तरी. डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं. गाणं काही आलं नाही. पुलापाशी मंडळी टाळ्या वाजवत उभी होती. "आले, काका आले!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून शुश्रूषा केंद्रात गेले. पाय लाकडासारखे झाले होते, लिफ्ट असूनही एकेक पाऊल मोजून टाकावं लागत होतं. पण डोक्यात सगळं लख्ख होतं. दगडी घर, पिंपावरची फळी, अक्रोडाची पुडी, पूल. आता ती काहीही विचारो.

ती खिडकीशी बसली होती. केस कुणीतरी नीट विंचरून दिले होते. त्यांना पाहताच तिनं हातानं समोरची खुर्ची दाखवली.

"या, बसा. कुणाला भेटायला आलात?"

ते उभेच राहिले. तिच्या चेहऱ्यावर प्रसन्न, घरी आलेल्या पाहुण्यासाठी असतं तसं हसू होतं. असं होईल कधीतरी, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. ते आजच होईल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"तुम्हालाच," ते म्हणाले. तिला अहोजाहो करताना त्यांची जीभ अडखळली. "म्हटलं जरा गप्पा माराव्यात."

"बरं केलंत. नाक किती लाल झालंय तुमचं! उन्हात गेला होता?"

"सायकलवरून द्राक्षमळे बघायला गेलो होतो."

"अगबाई!" तिनं टाळीच वाजवली. "सांगा ना, सांगा. आम्हीही गेलो होतो."

मग समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं. गियरची बटणं कशी जमेनात, वाइन थुंकायला कसं सांगतात, चढावर सायकल कशी हातात धरून न्यावी लागली. ती खुर्चीत पुढे सरकून ऐकत होती, मध्ये मध्ये हसत होती. दगडी घराचं वर्णन आलं तशी ती म्हणाली, "आजी भेटल्या? अक्रोड दिले?"

"तुम्हाला दिलेले त्यांना आठवत होते."

"दोघांना दिले होते. यांना अक्रोड फार आवडतात," ती म्हणाली. मग थोडी थांबली. "तुम्ही एकटेच गेला होता?"

"एकटाच."

तिनं त्यांच्याकडे कळवळून पाहिलं. पूर्वी शेजारपाजारचं दुखणंखुपणं ऐकताना ती बघायची, तसंच. "एकट्यानं नाही हो तेवढी मजा येत," ती हळूच म्हणाली. "आमचे हे होते ना बरोबर. तुम्ही थांबा जरा, येतीलच ते आता. ड्यूटीवर असतात, उशीर होतो कधी कधी. पण येतात. तुमची ओळख करून देते. तुमचं जमेल दोघांचं."

लिफ्टवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग उठून आपली खुर्ची उचलली, तिच्या खुर्चीला लावून ठेवली, दाराकडे तोंड करून.

"थांबतो की," ते म्हणाले.

बाहेरच्या लांब व्हरांड्यातून भेटीला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली होती. पावलं वाजली की ती मान उंचावून बघायची, हातानं केस सारखे करायची. आणि शेजारी बसलेले लिफ्टवालेही दर वेळी सरळ होऊन बसत होते, कॉलर नीट करून, दाराकडे बघत.